औषधाचा पाठ आणि प्रक्षेप : बहुशर्करीय औषधांच्या गुणवत्तापरीक्षेचा विचार

१

दिल्लीहून यमुना ओलांडून पूर्वेस गाझियाबादला गेले, की राजनगर भागात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील एक संस्था लागते. तिचे हिंदी नाव ‘भारतीय भेषज संहिता आयोग’ असे आहे. या नावातील ‘संहिता’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला थांबवून धरणारा आहे. ज्या शब्दाने चरकाचा आणि सुश्रुताचा ग्रंथ ओळखला जातो, त्याच शब्दाने येथे आधुनिक औषधांच्या प्रमाणग्रंथाचा निर्देश केला आहे. भाषांतरकाराने सोयीसाठी एक जुना शब्द उचलला, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. औषधाचे प्रमाण ठरविणे हे मुळात एका पाठाची निश्चिती करणे होय, अशी एक जाण या शब्दात दडलेली आहे.

या संहितेचा इतिहास थोडक्यात असा. इंग्रजी अमदानीत या देशात ब्रिटिश औषधसंहिता प्रमाण मानली जाई. १९४० च्या औषधविषयक कायद्यानंतर, १९४६ मध्ये, भारतीय औषधांची एक यादी प्रसिद्ध झाली; १९४८ मध्ये समिती नेमण्यात आली आणि १९५५ मध्ये भारतीय औषधसंहितेची पहिली आवृत्ती निघाली. त्यानंतर १९६६, १९८५, १९९६, २००७, २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ या वर्षी तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. या संहितेतील प्रत्येक औषधावर एक स्वतंत्र प्रकरण असते. त्यात द्रव्याचे वर्णन, त्याची ओळख पटविण्याच्या चाचण्या, अशुद्धींच्या मर्यादा, कार्यशक्ती मोजण्याची रीत, साठवणीचे नियम आणि वेष्टनावरील मजकूर एवढ्या गोष्टी येतात. कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणाशी जे द्रव्य जुळते तेच ते औषध; जे जुळत नाही ते, त्याच्या बाटलीवर काहीही छापलेले असो, ते औषध नव्हे.

बहुतेक औषधांच्या बाबतीत ही जुळणी तत्त्वतः सरळ असते. ॲस्पिरिनचा रेणू एकच आहे, त्याचा रेणुभार १८० आहे आणि तो मुंबईत तयार झाला काय किंवा बर्लिनमध्ये, त्यात फरक पडत नाही. तथापि औषधांचा एक वर्ग असा आहे, की ज्याच्या बाबतीत ‘हे द्रव्य नेमके कोणते?’ हा प्रश्न विचारताच परीक्षकाची अवस्था हस्तलिखितांच्या ढिगाऱ्यापुढे बसलेल्या संपादकासारखी होते. हा वर्ग म्हणजे बहुशर्करीय औषधे. गेल्या काही दशकांत या वर्गातील औषधांच्या बाबतीत जे घडले, त्याने औषधपरीक्षेच्या शास्त्राला आपल्या मूळ गृहीतकांचा फेरविचार करावयास लावले. तो फेरविचार पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना अपरिचित वाटणार नाही.

२

साध्या शर्करेचे अनेक घटक साखळीसारखे जोडले गेले म्हणजे बहुशर्करा तयार होते. तांदळातील स्टार्च, कापसातील सेल्युलोज, गवारीच्या बियांतील डिंक ही तिची नित्याची उदाहरणे. औषधांत बहुशर्करांचा उपयोग पुष्कळ प्रकारांनी होतो. गोळी बांधण्यासाठी स्टार्च आणि सेल्युलोज लागते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिले जाते. रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या शिरांतून डेक्स्ट्रान किंवा स्टार्चपासून बनविलेले द्रव सोडले जात. विषमज्वर, मस्तिष्कावरणदाह आणि न्यूमोनिया यांवरील काही लसी जंतूंच्या बहुशर्करीय आवरणापासूनच तयार होतात.

या द्रव्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या उत्पत्तीत आहे. प्रथिन तयार होताना पेशीपुढे जनुकाचा लेख असतो. तो अक्षरशः वाचून प्रथिनाची साखळी गुंफली जाते. बहुशर्करेच्या साखळीसाठी असा लेख नसतो. निरनिराळी विकरे साखळीवर आपापले काम करीत जातात. कोणी एक घटक जोडते, कोणी त्यावर सल्फेटाचा गट चढविते, कोणी मध्येच थांबते. एकाच प्राण्याच्या एकाच अवयवातून काढलेल्या हेपारिनातही एक साखळी दुसरीसारखी नसते. काहींचा रेणुभार ३,००० च्या आसपास असतो, तर काहींचा ३०,००० पर्यंत जातो. रक्ताची गोठण रोखण्यासाठी पाच शर्करांचा जो विशिष्ट क्रम आवश्यक असतो, तो साधारणतः एक-तृतीयांश साखळ्यांतच आढळतो.

याचा अर्थ असा, की ‘हेपारिन’ हे एका रेणूचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. मूळ लेखकाच्या हातची प्रत उपलब्ध नसलेल्या ग्रंथाच्या जशा अनेक प्रती असाव्यात आणि प्रत्येकीत थोडाफार पाठभेद असावा, तसेच हे आहे. एवढेच नव्हे, तर प्रादेशिक वाचनांसारखेही भेद येथे आहेत. डुकराच्या आतड्यातून काढलेले हेपारिन आणि गाईगुरांच्या आतड्यातून काढलेले हेपारिन यांत सल्फेटांची मांडणी वेगळी असते; दुसऱ्याची गोठणरोधक शक्ती त्याच वजनाला बरीच कमी भरते. दोहोंचे नाव एक असले, तरी एकाच्या जागी दुसरे त्याच मात्रेत देता येत नाही. १९३० नंतरच्या दशकात हे औषध रोग्यांना देणे सुरू झाले तेव्हापासूनच वजनावर विसंबता येत नाही, हे लक्षात आले होते. म्हणूनच १९४२ मध्ये हेपारिनाचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य ठरविण्यात आले आणि प्रत्येक नव्या साठ्याची शक्ती त्याच्याशी ताडून ‘एककां’त सांगण्याची रीत पडली.

या रीतीत एक व्यावहारिक शहाणपण होते. ज्याचे रूप नेमके सांगता येत नाही त्याची ओळख त्याच्या कृतीवरून करावी, असे ते शहाणपण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात याच प्रश्नाची दुसरी बाजू आली आहे. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात; परंतु केवळ नावरूपाच्या ज्ञानाने कोणी औषधाचा जाणता होत नाही, त्याचा योग ज्याला कळतो तोच खरा जाणता, असा तेथील आशय आहे. नाव, रूप आणि कर्म या तिन्हींचे ज्ञान एकत्र हवे, हा त्याचा मथितार्थ. विसाव्या शतकातील हेपारिनाच्या परीक्षकाला नाव माहीत होते आणि कर्मही मोजता येत होते. रूपाकडे मात्र त्याने काहीशा नाइलाजाने डोळेझाक केली होती. या डोळेझाकीची किंमत २००७ च्या अखेरीस मोजावी लागली.

३

हेपारिनाचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जे मक्लीन या विद्यार्थ्याच्या हातून लागला. मूळ द्रव्य कुत्र्याच्या यकृतातून मिळाले होते, म्हणून यकृताच्या ग्रीक नावावरून १९१८ मध्ये त्याचे नामकरण झाले. पुढे ते गुरांच्या फुप्फुसातून आणि अखेरीस मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढले जाऊ लागले. हृदयावरील शस्त्रक्रिया असो किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याचे रक्त यंत्रातून शुद्ध करणे असो, हेपारिनावाचून त्या होत नाहीत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगातील कच्च्या हेपारिनाचा फार मोठा वाटा चीनमधील लहानमोठ्या कारखान्यांतून येत होता. २००६-०७ च्या सुमारास तेथील डुकरांत एक साथ पसरली, कच्चा माल दुर्मिळ झाला आणि त्याचे भाव चढले.

२००७ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेतील सेंट लुई येथील एका बालरुग्णालयात रक्तशुद्धीकरणासाठी येणाऱ्या मुलांना उपचार सुरू होताच अंगाला सूज येणे, रक्तदाब एकाएकी उतरणे, नाडी जलद चालणे असे त्रास होऊ लागले. जानेवारी २००८ मध्ये रुग्णालयाने ही गोष्ट आरोग्ययंत्रणेच्या कानी घातली. चौकशी करता अन्य शहरांतही अशीच प्रकरणे आढळली आणि त्या सर्वांतील समान दुवा हेपारिन हा ठरला. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाशी संबंध असू शकेल अशा ८१ मृत्यूंचा उल्लेख केला आणि दूषित हेपारिन ११ देशांत सापडल्याचे सांगितले.

आता खरा प्रश्न असा, की हे साठे परीक्षेतून सुटले कसे? उत्तर असे, की ते सुटले नव्हते. परीक्षा देऊन, तीत उत्तीर्ण होऊनच ते बाहेर पडले होते. त्या काळच्या अमेरिकी संहितेनुसार हेपारिनाची शक्ती मोजण्यासाठी मेंढीच्या रक्तद्रवाची गोठण किती लांबते ते पाहत. दूषित साठ्यांनी ही गोठण अपेक्षेप्रमाणे लांबविली होती. संहितेतील प्रत्येक ओळीची पूर्तता झाली होती. कागद निर्दोष होता; बाटली मात्र नव्हती.

मार्च २००८ मध्ये दूषक द्रव्याची ओळख पटली. ते होते अतिसल्फेटित काँड्रॉइटिन सल्फेट. काँड्रॉइटिन ही प्राण्यांच्या कूर्चेतून मिळणारी, हेपारिनाच्या मानाने अत्यंत स्वस्त अशी बहुशर्करा आहे. तिच्यावर निसर्गतः सल्फेटाचे गट थोडे असतात. दूषक द्रव्यात मात्र प्रत्येक दोन शर्करांच्या जोडीमागे असे चार गट होते. हे रूप निसर्गात आढळत नाही. ते रासायनिक प्रक्रियेनेच घडवावे लागते. काही नमुन्यांत याचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही अधिक होते. या द्रव्याने रक्ताची गोठण काही अंशी रोखली जात असे, म्हणून ते जुन्या चाचणीत खपून गेले. परंतु त्याच वेळी त्याने रक्तातील दुसऱ्याच एका विकर-साखळीला चेतविले, ब्रॅडिकिनिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य शरीरात मोकळे झाले आणि रोग्यांचा रक्तदाब कोसळला.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत येथे एक महत्त्वाचा भेद करावा लागतो. कच्च्या हेपारिनात डर्माटन सल्फेट नावाची दुसरी एक नैसर्गिक बहुशर्करा थोड्या प्रमाणात नेहमीच येते. ती शुद्धीकरणात राहून जाते. हा लेखनिकाचा प्रमाद होय. परंतु अतिसल्फेटित काँड्रॉइटिन हा प्रमाद नव्हता. ज्याप्रमाणे एखादा कुशल लेखक मूळ ग्रंथाच्याच छंदात आपल्या पदरचे श्लोक रचतो आणि ते वाचणाऱ्याच्या कानाला खटकत नाहीत, त्याप्रमाणे हा प्रक्षेप होता. छंद मोजणे हीच ज्या परीक्षेची एकमेव कसोटी असेल, तिला असा प्रक्षेप कधीच सापडत नाही.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती पाहून तिचा पाठ शुद्ध केला आणि त्या पाठात कोणी आपली ओवी मिसळली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा आशयाचा इशारा देऊन ठेवला. हा दाखला मराठी वाचकाच्या मनात पक्का बसलेला आहे. परंतु करवंटी डोळ्यांना दिसते. २००८ मधील करवंटी अमृतासारखीच दिसत होती आणि प्रमाणित कसोटीवर अमृतासारखीच वागत होती. नव्या परीक्षापद्धतीला तोंड द्यावे लागले ते या अडचणीला.

४

या घटनेनंतर हेपारिनाची संहिता नव्याने लिहिली गेली. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन ही पद्धती ओळख-चाचणी म्हणून दाखल झाली. या पद्धतीत रेणूतील हायड्रोजनाचे अणू आपल्या परिसरानुसार निरनिराळ्या जागी संकेत देतात. हेपारिनातील एका विशिष्ट गटाचा संकेत २.०४ या अंकाजवळ येतो. दूषक द्रव्यातील तशाच गटाचा २.१५ च्या जवळ. अंतर अगदी थोडे असले, तरी दोन शिखरे स्पष्टपणे वेगळी दिसतात. दुसरी चाचणी घटकशर्करांची. हेपारिनाच्या साखळीत ग्लुकोसामाइन असते, काँड्रॉइटिनाच्या साखळीत गॅलॅक्टोसामाइन. म्हणून नमुन्यातील गॅलॅक्टोसामाइन एकूण हेक्सोसामाइनाच्या एक टक्क्याहून अधिक असता कामा नये, असा नियम झाला. शक्तीची चाचणीही बदलली. एकूण गोठण मोजण्याऐवजी गोठणक्रियेतील दोन निश्चित घटकांवर होणारा परिणाम वेगवेगळा मोजावा आणि त्या दोहोंचे गुणोत्तर ०.९ ते १.१ च्या दरम्यान यावे, असे ठरले. दूषक द्रव्याचा प्रभाव या दोहोंपैकी एकावरच पडत असल्याने त्याची भेसळ गुणोत्तर बिघडवून टाकते.

या बदलाचे तात्त्विक सार असे सांगता येईल, की एका कसोटीवरचा विश्वास जाऊन परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक कसोट्यांच्या एकवाक्यतेवर विश्वास ठेवला जाऊ लागला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागे हेच तत्त्व उभे होते. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील वाचनांच्या प्रतींची साक्ष ताडून पाहिली. एखादा भाग सुंदर आहे, लोकप्रिय आहे किंवा छंदात बसतो, एवढ्यावरून त्यांनी तो मूळचा मानला नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची सर्वांना प्रिय असलेली कथादेखील मूळ पाठातून काढून परिशिष्टात गेली.

मात्र येथेच या साम्याची मर्यादा स्पष्ट होते. संपादकाने चुकून स्वीकारलेला श्लोक पुढच्या आवृत्तीत परिशिष्टात घालता येतो. शिरेतून शरीरात गेलेल्या द्रव्याला परिशिष्ट नसते. ग्रंथाच्या परीक्षेत उशीर झाला, तर विद्वत्तेची हानी होते. औषधाच्या परीक्षेत उशीर झाला, तर माणूस मरतो.

ही गोष्ट या देशाला बाहेरून शिकावी लागली, असे मानण्याचे कारण नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रोगी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ते ग्लिसरीन औषधी प्रतीचे नव्हते; त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणातील औषधखरेदी, परवाने आणि तपासणी यांचा जो वेध घेतला, तो महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरला. १९९८ मध्ये दिल्लीला लागून असलेल्या गुडगाव येथे खोकल्यातापाच्या औषधातून तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले आणि ३३ मुलांचा मृत्यू झाला. ही द्रव्ये बहुशर्करीय नव्हेत. परंतु दोष तोच होता. ग्लिसरिनासारखेच पाकट, गोड आणि स्वस्त असलेले दुसरे द्रव्य त्याच्या नावाने खपले. नावावर विश्वास ठेवून रूपाची परीक्षा टाळली, की काय होते, ते हेपारिनाच्या कितीतरी आधी मुंबई आणि गुडगाव येथे दिसून आले होते.

५

लसींच्या क्षेत्रात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. मस्तिष्कावरणदाहाच्या ‘अ’ गटातील जंतूंची साथ दिल्लीने १९८५ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये अनुभवली. या जंतूंभोवती बहुशर्करेचे आवरण असते. ते शुद्ध करून टोचले असता शरीर त्याला ओळखावयास शिकते. जुन्या लसींची शक्ती प्राण्यांवर प्रयोग करून मोजली जाई. परंतु शुद्ध बहुशर्करेला प्रयोगशाळेतील प्राणी माणसासारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून या लसींच्या बाबतीत रासायनिक रूप हीच गुणवत्तेची मुख्य साक्ष ठरली. साखळी पुरेशी लांब आहे काय, तिच्यावरील ॲसिटिलचे गट शाबूत आहेत काय, जंतूंची प्रथिने आणि न्यूक्लीय आम्ले तीत उरली आहेत काय, हे पाहिले जाते. विषमज्वराच्या जंतूच्या ‘व्ही-आय’ बहुशर्करेवरील ॲसिटिलचे गट झडले, तर साखळी तशीच दिसते, परंतु शरीराला ती ओळखू येत नाही. म्हणजे हेपारिनाच्या प्रकरणात कृती होती आणि रूप खोटे होते. येथे वरवर रूप टिकते आणि कृती नाहीशी होते.

निव्वळ बहुशर्करेची लस दोन वर्षांखालील बालकांना उपयोगी पडत नाही. तिला एखाद्या प्रथिनाशी जोडले, तर ही उणीव भरून निघते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘अ’ गटाच्या मस्तिष्कावरणदाहावर तयार केलेली अशी संयुग्मित लस २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासो, माली आणि नायजर या आफ्रिकी देशांत देण्यास आरंभ झाला. हैदराबादेत तयार झालेली विषमज्वराची संयुग्मित लस २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने आपल्या हद्दीतील मुलांना देण्याची मोहीम काढली. पहिल्याच टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. एका मात्रेतील बहुशर्करेचे वजन पाहिले, तर पुण्याच्या लसीत ते १० मायक्रोग्रॅम आणि हैदराबादच्या लसीत २५ मायक्रोग्रॅम एवढेच असते. या सूक्ष्म प्रमाणातील किती भाग प्रथिनाशी खरोखर जोडला गेला आहे आणि किती सुटा राहिला आहे, हे मोजणे ही अशा लसींच्या परीक्षेतील कळीची बाब होय.

शिरेतून किंवा सुईने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बहुशर्करीय औषधाला आणखी एका परीक्षेतून जावे लागते. काही जंतूंच्या पेशीभित्तीत शर्करा आणि मेद यांचे एक संयुग असते. त्याला अंतर्विष म्हणतात. जंतू मेला तरी ते उरते, उकळल्याने नष्ट होत नाही आणि अत्यल्प प्रमाणातही ज्वर आणते. जंतूंच्या आवरणापासून लस बनविताना शर्करेच्या एका साखळीतून दुसरी शर्करायुक्त साखळी वेगळी काढावयाची असते, ही त्यातील मुख्य अडचण. पूर्वी या परीक्षेसाठी सशांना औषध टोचून त्यांचा ज्वर मोजीत. पुढे घोड्याच्या नालेसारखे कवच असलेल्या सागरी खेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क वापरला जाऊ लागला. अंतर्विषाचा लेश असला, तरी हा अर्क गोठतो. भारतीय संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीने सशांवरील चाचणीकडून या चाचणीकडे वळण्याचे मोठे पाऊल उचलले. तिचा अर्थ लावतानाही सावधपणा हवा, कारण काही बहुशर्करा अंतर्विष नसतानाही हा अर्क गोठवितात आणि हेपारिनासारखे द्रव्य त्या गोठणीतच अडथळा आणू शकते. साक्षीदाराची उलटतपासणी येथेही टळत नाही.

६

येथवर गुणवत्तेचा विचार झाला. गुणवत्ता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे स्वतंत्रपणे सांगावयास हवे. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च हे मका किंवा बटाटा यांच्या स्टार्चपासून बनविलेले द्रव रक्ताचे आकारमान टिकविण्यासाठी जगभर वापरले जात होते. ते शुद्ध होते, संहितेशी जुळणारे होते. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक स्कँडिनेव्हियातील आणि दुसरी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील, अत्यवस्थ रोग्यांच्या मूत्रपिंडांवर त्याचा अनिष्ट परिणाम होत असल्याचे दिसून आले. युरोपात २०१३ पासून त्यावर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये त्याची विक्रीपरवानगी स्थगित करण्यात आली.

या प्रकरणाला आणखी एक पैलू आहे आणि तो ग्रंथव्यवहाराशी निगडित आहे. या द्रवाच्या बाजूने लिहिणाऱ्या एका जर्मन भूलतज्ज्ञाचे सुमारे ९० शोधनिबंध २०११ मध्ये नियतकालिकांनी मागे घेतले. नंतर, २०१३ मध्ये, उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्याचे निबंध जमेस धरले असता धोका झाकला जाई. ते वगळताच मृत्यूचे वाढलेले प्रमाण उघड झाले. म्हणजे प्रक्षेप केवळ बाटलीतच होतो असे नाही. ज्या वाङ्मयाच्या आधारे बाटलीविषयी निर्णय होतो त्यातही तो होऊ शकतो. संशोधन-नियतकालिकाच्या संपादकाची जबाबदारी औषधपरीक्षकाच्या जबाबदारीहून वेगळी नाही, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

प्रयोगशाळा जे पकडू शकत नाही ते अखेर रोग्याच्या शरीरात प्रकट होते. म्हणून परीक्षेचे शेवटचे प्रकरण प्रयोगशाळेबाहेर लिहिले जाते. सेंट लुई येथील प्रकरणात दोष प्रथम यंत्राने दाखविला नाही. एकाच खोलीत एकामागून एक मुलांना त्रास होताना पाहणाऱ्या माणसांनी तो नोंदविला. भारतात औषधांच्या अनिष्ट परिणामांची अशी नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून सुरू झाला आणि एप्रिल २०११ पासून त्याचे केंद्र गाझियाबादच्या आयोगाकडे आले. नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्था रक्तजन्य आणि अन्य जैविक उत्पादनांची तपासणी करते; २०१२ पासून रक्तसंक्रमणातील अनिष्ट परिणामांची नोंदही तिच्याकडे आहे. अशा रीतीने संहिता रचणारे, नमुने तपासणारे आणि तक्रारी ऐकणारे हात दिल्लीच्या परिसरात एकमेकांपासून फार दूर नाहीत.

परंतु तक्रार ऐकावयाची, तर ती सांगणाऱ्याच्या भाषेत ऐकावी लागते. औषध घेणाऱ्याने स्वतः भरावयाचा नमुना मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यात आला, ही घटना भाषेच्या अभ्यासकांच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. ‘अंग तापल्यासारखे झाले’, ‘घाबरल्यासारखे वाटले’, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘जीव कासावीस झाला’ ही रोग्याची वाक्ये आहेत. त्यांतील कोणते वाक्य उतरलेल्या रक्तदाबाचे आहे आणि कोणते श्वास कोंडल्याचे, हे ठरविणे म्हणजे भाषांतर करणेच होय. येथे चुकीचे भाषांतर झाले, तर एक नोंद निकामी होते. तशा शंभर नोंदी निकामी झाल्या, तर दूषित साठा ओळखण्यास विलंब लागतो. भारतीय भाषांतील वेदनेच्या शब्दांचे पद्धतशीर कोशकार्य हे या अर्थाने औषधसुरक्षेचेही कार्य आहे. त्याची दखल आपल्या भाषाविभागांनी अद्याप पुरेशी घेतलेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

बहुशर्करीय औषधाला एकच एक मूळ प्रत नसते. पाठभेद हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून त्याच्या बाबतीत शुद्धता याचा अर्थ एकरूपता असा होत नाही. कोणता भेद स्वाभाविक, कोणता प्रमादाने आलेला आणि कोणता हेतुपुरस्सर घातलेला, हे ओळखता येणे म्हणजेच शुद्धतेचे ज्ञान. त्यासाठी नाव, रूप आणि कर्म या तिन्हींची साक्ष घ्यावी लागते आणि ती घेऊनही संहितेची पुढची आवृत्ती काढण्याची तयारी ठेवावी लागते. १९५५ पासून एकामागून एक निघालेल्या आवृत्त्यांचा अर्थ हाच आहे. संहिता पूर्ण झाली असे ज्या दिवशी मानले जाईल, त्या दिवसापासून पुढच्या प्रक्षेपाला वाट मोकळी होईल.